पुढून युरोप, मागून जिनिंग

जे काम वेळेत संपतं, त्याचे किस्से होत नाहीत. स्लॅब टाकला, चावी दिली, नमस्कार! किस्से साचतात ते रखडलेल्या कामावर. माझ्या नशिबात असं एकच काम आलं, झिरपाड्याचं चर्च. दोन महिन्यांचं म्हणून हातात घेतलं आणि दोन वर्षं चाललं. आता पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत चार मित्र जमले की पहिल्या चहाच्या आधीच कोणीतरी म्हणतं, "हं, तुझं ते चर्च सांग." जसं काही मीच बांधलंय!

मी बांधलेलं नाही. मी साधा आयटीआय झालेला ड्राफ्ट्समन, एका कॉन्ट्रॅक्टरकडे साइट सुपरवायझर. पण झिरपाड्यात मला पहिल्या दिवसापासून सगळे 'इंजिनिअर भाऊ' म्हणायला लागले. मी एकदाही दुरुस्ती केली नाही. माणसाला आणि इमारतीला, दोघांनाही बाहेरून थोडं प्लास्टर लागतंच!

झिरपाडा म्हणजे अमळनेरहून एस.टी.नं निघायचं, तापी ओलांडायची, केळीच्या बागा संपेपर्यंत बसून राहायचं आणि समोर सातपुडा आडवा आला की उतरायचं. गाव लहान, चर्च जुनं. किती जुनं, ते कुणालाच माहीत नाही. भांडण त्या जुनेपणावरूनच होतं. शहरात धर्मप्रांताची एक बिल्डिंग कमिटी आहे, तिचं मत होतं की हे पाडावं आणि आरसीसीचं नवं बांधावं. इथल्या फादरांचं मत होतं की दुरुस्त करावं. शेवटी कमिटीनं दुरुस्तीची एक संधी दिली. काम करून दाखवा, मग आम्ही येऊन बघू आणि पाडायचं की ठेवायचं ते ठरवू.

म्हणजे कामही आम्हीच करायचं आणि परीक्षाही आमचीच!

*

पहिल्या दिवशी चर्चला कुलूप. किल्ली मार्था अक्कांकडे. अक्का म्हणजे ऐंशीच्या आसपासच्या, अंगानं सुकलेल्या, आवाजानं मात्र पोलीसपाटलाला गप्प करतील अशा. चर्च झाडणं, फुलं ठेवणं, मिस्सेचे, म्हणजे प्रार्थनेचे, ठोके देणं, सगळं त्यांच्याकडे. फादर बदलून जातात, अक्का जागच्या जागी.

किल्ली हातात घट्ट धरून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"भाऊ, भित पाडाले उनात का उभी कराले?"

"उभी करायला, अक्का."

"बरं शे. मन्हं लगीन याच दारमा व्हयनं. मना धनीनी मयत याच दारथून निंघनी. मनी बी आठूनच निंघी."

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, अक्का, समजा पाडलंच, तर नवं होईल ना, ह्याहून मोठं होईल.

"नवं व्हवाले पाच वरीस लागतीन. तवपावत मी मरनं थांबाडी ठेवू का?"

ह्याला आयटीआयमध्ये उत्तर शिकवलेलं नव्हतं. खरं सांगतो, तोपर्यंत मला ती एक साइट होती. त्या दिवसापासून भीती वाटायला लागली. भिंत पडण्याची नाही, अक्कांची!

*

आमचे फादर वसईकडचे. गोरेगोमटे, चष्मेवाले, हसरे. खानदेशचा उन्हाळा पहिल्यांदा अंगावर घेतला तेव्हा प्रवचनात म्हणाले होते म्हणे, "नरकाबद्दल मी आज वेगळं काही सांगत नाही, बाहेर जाऊन या."

त्यांनी मला बोलावून सांगितलं, "कमिटीच्या फाइलला अर्धं पान हवंय. चर्चचा इतिहास आणि वास्तुकला. तुम्ही गावात विचारा आणि लिहा."

म्हटलं अर्धं पान म्हणजे काय, दुपारपर्यंत होईल.

याकूब आबा म्हणाले, पहिला परदेशी गोरा फादर घोड्यावरून आला, घोडा इथं अडला तो हलेचना, म्हणून फादरनं ओळखलं की देवाला हीच जागा हवी. पलीकडच्या गल्लीत पावलूस नाना म्हणाले, घोडा अडला हे खरं, पण देवामुळे नाही. त्याला पोटशूळ उठला होता आणि नानांच्या आजोबांनी त्याला औषध दिलं! तिसऱ्या घरी ऐकलं की घोडाबिडा काही नव्हता, बैलगाडी होती आणि तिचा आस मोडला होता.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत. "बठ्ठा दगड मना आजानी वाह्यात." सगळे दगड आपल्याच आज्यानं वाहिले असं सांगणारे मला एकूण अकराजण भेटले. आम्ही भिंतीतले दगड मोजले असते तर प्रत्येकाच्या आज्याच्या वाट्याला एखादी पायरी आली असती.

मी संध्याकाळी फादरांपुढे वही ठेवली. म्हटलं, घोडा लिहू की बैलगाडी?

फादरांनी चष्मा पुसला. "लिहा, वाहन नादुरुस्त झाल्यामुळे येथे चर्चची स्थापना झाली."

*

वास्तुकलेचं प्रकरण त्याहून वाईट.

तुम्ही रस्त्यावरून झिरपाड्याचं चर्च पाहिलंत तर छाती दडपते. मधोमध उंच कमान, वर गोल खिडकी, एका अंगाला मनोरा, त्याच्या चारी कोपऱ्यांवर दगडी कळ्या. वाटतं, हे इथं आलं कसं? मग तुम्ही बाजूनं चालत मागं जाता आणि कापसाचं गोडाऊन लागतं! सरळसोट लांब भिंती, उंचावर लहान लहान झरोके, पत्र्याचं उतरतं छप्पर आणि आतमध्ये वेदीच्या बरोब्बर वर, कापसाचा काटा टांगायला असतो तसा एक जाडजूड लोखंडी आकडा. क्रूस त्याच आकड्याला साखळीनं टांगलेला.

हे कोडं सोडवलं आमच्या दगा मिस्त्रीनं. दगा अमळनेरचा गवंडी, हात सोन्याचा आणि जीभ तिखटाची. त्याच्या म्हणण्यानुसार हे चर्च त्याच्या पणजोबांनी बांधलं. पणजोबा तोवर फक्त जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरण्या, बांधायचे. गोऱ्या फादरनं त्यांना आपल्या देशातल्या चर्चचं एक पोस्टकार्ड दिलं आणि सांगितलं, अस्सं बांध. तेवढं सांगून तो वर डोंगरातल्या पाड्यांवर निघून गेला तो पावसाळा संपल्यावर परतला.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? पणजानी पोस्टकार्डमा जे दखायनं ते बांधं."

"अरे पण मागचा भाग?"

"पोस्टकार्डले मांगली बाजू व्हती का भाऊ? मांगे त्या गोरानी चिठ्ठी लिखेल व्हती!"

मी अर्ध्या पानात इमानदारीनं लिहिलं, 'पुढून युरोप, मागून जिनिंग.' फादरांनी ते खोडून वर आपल्या सुबक अक्षरात 'संमिश्र शैली' असं केलं. मला अजूनही माझंच वर्णन जास्त शास्त्रीय वाटतं.

एक सांगायचं राहिलं. ह्या दगाला कोणी कमानीचं कौतुक केलं की तो म्हणायचा, "मना पणजानं काम शे." आणि कोणी दक्षिणेच्या भिंतीच्या तड्याकडे बोट दाखवलं की म्हणायचा, "ती भित दुसरा मिस्तरीनी शे."

*

मनोऱ्याला परांची बांधायची होती. मनोऱ्यात आग्यामोहोळ, तेही तीन. दगा हिंदू माणूस, नारळ फोडल्याशिवाय उंचीवर चढत नाही. त्यानं फादरांना विचारलं. फादर म्हणाले, "फोडा, पण आधी मी पवित्र पाणी शिंपडतो. दोन्हीकडून बंदोबस्त झालेला बरा."

पाणी शिंपडून झालं, प्रार्थना झाली, नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. दगानं पहिला बांबू मनोऱ्याला टेकवला आणि वरून काळा ढग खाली आला!

फादर झग्यासकट पळाले. दगा त्यांच्या पुढे. मी दोघांच्याही पुढे होतो हे कबूल करतो. आम्ही तिघंही शाळेच्या खोलीत दार लावून बसलो, तेव्हा फादरांचा एक कान वडापावाएवढा झाला होता आणि दगाचं नाक दिसेनासं झालं होतं.

दगा त्या सुजलेल्या तोंडानंच म्हणाला, "फादर, माश्या कोन्हाच धरमन्या नहीत!"

खिडकीतून पाहिलं तर अक्का मनोऱ्याखाली अंगण झाडत होत्या. शांतपणे. एक माशी त्यांच्याजवळ गेली नाही. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "त्या रोजन्या शेतस. तुमी आज उनात."

*

आता मूर्तीचा किस्सा. संत जोसेफची मूर्ती, तीन फुटी, रंग पार उडालेला. अमळनेरला एक गणपतीचे कारखानदार पेंटर होते, त्यांच्याकडे रंगवायला न्यायची ठरली. न्यायची कुणी? इंजिनिअर भाऊंनी!

अक्कांनी मूर्तीला न्हाऊ-माखू घातल्यासारखं पुसलं आणि थंडी वाजेल म्हणून एका शालीत गुंडाळलं. डोक्यावरूनसुद्धा. मी एस.टी.त खिडकीच्या सीटवर जोसेफला बसवलं आणि शेजारी मी बसलो.

कंडक्टर आला. "दोन?"

"एक. ही मूर्ती आहे."

त्यानं शाल थोडी बाजूला करून पाहिलं, हात जोडले आणि म्हणाला, "मांडीवर घ्या, मग लगेज. सीटवर बसले तर पॅसेंजर." मी मांडीवर घेणार होतो, पण मूर्ती प्लास्टरची असली तरी पोतंभर वजनाची. झक मारत दोन तिकिटं काढली.

पुढच्या स्टॉपला एक आजी चढल्या. गाडी भरलेली. त्यांनी जोसेफला दोनदा सांगितलं, "भाऊ, जरासं सरकी बसा ना." जोसेफ ढिम्म. मी सांगायला तोंड उघडणार तोच आजी कडाडल्या, "शाल वढी बठना म्हंजे मोठा साहेब व्हयना का? म्हातारा माणूसनी कदर नही!"

अख्खी बस वळून जोसेफकडे रागानं पाहायला लागली. मीही पाहिलं. काय करणार!

पंधरा दिवसांनी मूर्ती परत आली. पेंटर प्रामाणिक होता, पण हात गणपतीचा. जोसेफचे गाल गुलाबी, डोळे टपोरे, आणि दाढी ठेवून वर पिळदार मिशा! फादर पाहतच राहिले. ते परत पाठवायचं म्हणत होते, तेवढ्यात अक्कांनी मूर्तीभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला.

"राहू द्या. आते आपला वाटस."

*

घंटेचंही ऐका. झिरपाड्याच्या मनोऱ्यात घंटा कधीच नव्हती. अंगणातल्या निंबाला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला आहे, त्यावर लोखंडी पहार मारायची. तीन ठोके म्हणजे मिस्सा, सावकाश एकेक म्हणजे कोणीतरी गेलं, आणि न थांबता मारत सुटले तर आग लागलीय, बादल्या घेऊन या.

मनोरा दुरुस्त झाला तेव्हा फादरांच्या वसईकडच्या नातेवाइकांनी पितळेची खरीखुरी घंटा भेट पाठवली. रविवारी सकाळी उद्घाटन. फादरांनी स्वतः दोर ओढला. काय तो आवाज! गोड, गोल, डोंगरावर आपटून परत येणारा. फादरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. चर्चमध्ये मी, दगा आणि फादर. त्यातले दोन हिंदू!

गावाला वाटलं, शेजारच्या गावात मारुतीच्या देवळात काहीतरी कार्यक्रम आहे. आणि शेजारच्या गावातले तिघंचौघं हातात नारळ घेऊन आपल्याच मारुतीकडे धावले, तिथं कुलूप पाहून आवाजाच्या मागे मागे इथवर आले. फादरांनी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले. मोकळ्या बाकांपेक्षा बरे.

दारात उभ्या असलेल्या अक्का अंगणात गेल्या. रुळावर तीन ठोके मारले. दहा मिनिटांत चर्च भरलं.

*

आणि आता तो भिंतीचा प्रकार.

एवढं सगळं होईतो दक्षिणेच्या भिंतीचा तडा तसाच होता. कमिटीची खरी अट तीच. छप्पर केलं, मनोरा केला, बाहेरून दोन दगडी टेके दिले, तरी त्यांचे आर्किटेक्ट म्हणाले, भिंत अजून हलतेय की स्थिर झालीय ते सिद्ध करा. त्याची आमच्या धंद्यात साधी पद्धत असते. तड्यावर आडव्या काचेच्या पट्ट्या प्लास्टरनं पक्क्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच तुटते. काच तुटली तर चर्च पाडायचं, शाबूत राहिली तर ठेवायचं. निकाल दिवाळीनंतर.

मी मे महिन्यात चार पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येकीवर मार्करनं तारीख टाकून सही केली. फादर बघत होते, अक्का बघत होत्या. दगा मात्र कपाळाला हात लावून बसला.

"भाऊ, तुमी इंजिनिअर शेतस ना? अर्धं देऊळ मुरूमवर शे, अर्धं कायी माटीवर. उन्हायामा माटी फाटस, भित फाटस. पाणी पडना का माटी फुगस, भित पुन्हा मियस. बठ्ठा गावन्या भिती अश्याच शेतस, शंभर वरीस उभ्या शेतस. अठे काच टिकी का?"

तो शंभर टक्के खरं बोलत होता. काळ्या मातीवरची भिंत उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते, पडत मात्र नाही. पण हे कमिटीला कोण सांगणार? त्यांना काच हवी होती. आणि मी सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, तुमचं शिक्षण काय?

अक्कांनी एवढंच विचारलं, "काच फुटनी का देऊळ पाडतीन?"

"हो, अक्का."

"आनि नही फुटनी तर?"

"तर राहील."

अक्का मान हलवून घरी गेल्या.

पावसाळ्यात मला दुसऱ्या साइटवर टाकलं. त्या वर्षी पाऊस असा लागला की तापीचा पूल दोनदा बंद झाला. घरी पत्र्यावर सर आली की मला त्या चार पट्ट्या आठवायच्या आणि अक्कांचं ते मरण थांबवून ठेवणं आठवायचं. जेवण जायचं नाही. बायको म्हणायची, "चर्च त्यांचं, तुम्ही का सुकताय?"

दिवाळीनंतर कमिटी आली. शहरातले मोठे फादर आणि आर्किटेक्ट साहेब, हातात टॉर्च आणि भिंग. मी त्यांच्यामागे.

पहिली पट्टी शाबूत. दुसरी शाबूत. तिसरी, चौथी, चारही शाबूत! साधा चरासुद्धा नाही.

आर्किटेक्ट साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तारीख आणि सही तुमचीच ना?"

मी वाकून पाहिलं. तारीख माझी होती. महिना माझा होता. नावही माझंच होतं. फक्त अक्षर सुंदर होतं! माझं अक्षर पाहून आमच्या कॉन्ट्रॅक्टरनं एकदा मला मेडिकल दुकान काढायला सांगितलं होतं. इथं मात्र प्रत्येक काना सरळ, प्रत्येक वेलांटी गोल, शाळेच्या फळ्यावर लिहावी तशी. आमचे फादर त्या वेळी छताची फार बारकाईनं पाहणी करत होते. दगा बुटाच्या नाडीशी खेळत होता. त्याच्या पायात चप्पल होती.

दोन वर्षं मी ज्या भिंतीवर जगलो त्या भिंतीकडे मी पाहिलं, आणि दारात किल्ली धरून उभ्या असलेल्या अक्कांकडे पाहिलं.

"माझीच," मी म्हणालो.

"उत्तम! भिंत स्थिर आहे. टेक्यांचं कामही चांगलं झालंय." साहेबांनी तिथंच कागदावर शेरा मारला. मोठ्या फादरांनी हात मिळवला. चर्च राहिलं!

मग अक्का म्हणाल्या, पाहुण्यांनी चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. त्यांचं घर चर्चला लागूनच. आत पहिल्यांदाच गेलो. एकच खोली, सारवलेली, चकचकीत. आम्हाला खाटेवर बसवलं. समोरच्या भिंतीवर चार मोठ्या फ्रेम ओळीनं. येशू, मारिया, पोप साहेब आणि शेवटी फेटा बांधलेले अक्कांचे मालक. चौघांनाही ताज्या झेंडूचे हार.

काच एकालाही नव्हती.

मला दिसलं आणि त्याच वेळी आर्किटेक्ट साहेबांनाही दिसलं. त्यांच्या हातातलं बिस्कीट चहात बुडालेलं होतं, ते तुटून आत पडलं. ते उठून भिंतीजवळ गेले. मालकांच्या फोटोच्या कागदावरून त्यांनी एक बोट हलकेच फिरवलं.

"आजी," ते म्हणाले, "ह्या फोटोंच्या काचा कुठं गेल्या?"

अक्कांनी चुलीवरचं पातेलं उतरवलं, पदर सारखा केला आणि साहेबांच्या कपात पुन्हा चहा ओतला.

"काचना मांगे त्यास्ले गदमदस, साहेब. चहा ल्या, निवी जाई."